कुत्र्याच्या तोंडाला वास येतोय? आधी ओठ उचलून दात बघा

प्रतिनिधी, बेळगाव

"कुत्र्याचं तोंड म्हटल्यावर वास मारणारच की ओ, त्यात काय एवढं?" आपल्या भागात कुत्रा पाळणाऱ्या दहा घरांत विचारलं तर आठ घरांत हेच उत्तर मिळेल. आमच्या घरातही हेच म्हटलं जात होतं. पांढरा, झुपकेदार शेपटीचा स्पिट्झ, ज्याला आपण सगळे पॉमेरियन म्हणतो, आठ-नऊ वर्षांचा झाला होता. जवळ आला की तोंड फिरवावं लागायचं. वय झालं, म्हणून सोडून दिलं. एका सकाळी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज दिसली. गांधीलमाशी चावली असेल म्हणून हळद लावली. दोन दिवसांनी सूज फुटून पू आला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वरचा ओठ उचलला आणि मागची मोठी दाढ दाखवली. दाढेच्या मुळाशी पू झाला होता आणि तो डोळ्याखालून बाहेर पडत होता. त्या दिवशी पाच दात काढावे लागले. वास मात्र त्याआधी दीड-दोन वर्षे येत होता.

म्हणून हा लेख. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला अत्तराचा वास येत नाही हे खरे, पण माणसाला मान फिरवावी लागेल असा वासही येत नाही. तसा वास रोज येत असेल, तर तो कुत्र्याचा स्वभाव नव्हे. बहुतेक वेळा ती दातांच्या आजाराची आणि क्वचित पोटातल्या मोठ्या आजाराची पहिली नोटीस असते. वास झाकण्याचे उपाय करत बसलो की आजार आत वाढत राहतो.

वास येतो कुठून?

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. वर २०, खाली २२. पिल्लाचे दुधाचे दात २८. ते साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडून कायमचे दात येतात. या दातांवर खाल्ल्यानंतर काही तासांतच जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसतो. हा थर बोटाने किंवा ब्रशने निघतो. पण तो तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यावर बसतात आणि दोन-तीन दिवसांत तो घट्ट होऊ लागतो. पिवळसर तपकिरी, खरखरीत. यालाच आपण दातांवरचे कीटण म्हणतो. ते मग ब्रशने निघत नाही.

कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे कुत्र्यांचे दात आपल्यासारखे फारसे किडत नाहीत, पण कीटण मात्र लवकर जमते. "दात किडलेले नाहीत, म्हणजे ठीक आहे" हा हिशेब इथेच चुकतो. कुत्र्याचा त्रास दातात कमी आणि हिरडीत जास्त असतो.

कीटणाच्या कडेने, हिरडीच्या खाली जंतू वाढतात. अन्नातले आणि मेलेल्या पेशींतले प्रथिन कुजवून ते गंधकाचे वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो याचाच. पुढे हिरडी लाल होते, सुजते, दातापासून सुटते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार होतो, त्यात पू साठतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो.

यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच. फक्त हिरडी सुजली आहे, इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. हाड एकदा झिजले की ते सहसा परत येत नाही. पुढे फक्त आहे ते टिकवणे एवढेच हातात राहते. तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्यांत या आजाराची थोडीफार लक्षणे दिसतात. स्पिट्झ, पॉमेरियन, पग, शिट्झू, डॅशहुंड अशा लहान जातींत तो लवकर आणि जास्त होतो, कारण छोट्या जबड्यात तेवढेच ४२ दात दाटीवाटीने बसलेले असतात. दुधाचा सुळा न पडता नवा सुळा शेजारी उगवणे हेही याच जातींत जास्त दिसते. सात महिन्यांनंतरही दोन सुळे शेजारी-शेजारी दिसले तर दुधाचा दात काढून घ्यावा. त्या फटीत अन्न अडकून वास तिथूनच सुरू होतो.

घरी दोन मिनिटांत काय बघायचे?

कुत्रा आपला असेल, शांत असेल आणि चावत नसेल, तरच हे करा. उजेडात बसवा. तोंड उघडायची गरज नाही. तोंड बंद ठेवूनच वरचा ओठ एका बाजूने हळूच उचला आणि मागपर्यंत बघा. पुढचे दात बऱ्याचदा स्वच्छ दिसतात. घाण असते ती मागच्या मोठ्या दाढेवर, गालाच्या बाजूने.

हिरडी फिकट गुलाबी असावी. काही कुत्र्यांच्या हिरडीवर जन्मतः काळे डाग असतात, ते ठीक. पण दाताच्या कडेला लाल रेघ, सूज, रक्त, पू, तपकिरी थर, तुटलेला दात, हलणारा दात, गाठ किंवा फोड यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना. दोन्ही बाजू तपासा. एकाच बाजूला जास्त कीटण असेल तर समजा, कुत्रा त्या बाजूने चावत नाही, म्हणजे तिथे दुखते.

"पण तो जेवतोय की व्यवस्थित!" असे आपण म्हणतो. कुत्रा दुखणे लपवतो. दात दुखत असला तरी तो जेवण सोडत नाही. फक्त एका बाजूने चावतो, न चावता गिळतो, कडक पोळी सोडून मऊ तेवढे खातो, पंजाने तोंड खाजवतो, डोक्यावरून हात फिरवला की मागे सरकतो. आमचा स्पिट्झ बिस्कीट तोंडात घेऊन खाली टाकायचा आणि परत उचलायचा. आम्हाला ती त्याची गंमत वाटायची.

कोणता वास काय सांगतो?

वासावरून निदान होत नाही, पण कुठे बघायचे याचा अंदाज येतो.

सडका, पू असल्यासारखा वास : बहुतेक वेळा दात आणि हिरडी. सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच.

अचानक दोन दिवसांत सुरू झालेला घाण वास, लाळ गळणे : तोंडात काहीतरी अडकले असण्याची शक्यता. हाडाचा तुकडा किंवा काठी टाळूला आडवी अडकते, दोरा जिभेखाली गुंडाळतो. जखमेत अळ्या पडल्या तरी असाच वास येतो. पावसाळ्यात बाहेर फिरणाऱ्या कुत्र्यांत हे जास्त.

लघवीसारखा, अमोनियाचा वास : मूत्रपिंड निकामी होत असल्याची खूण. सोबत पाणी जास्त पिणे, लघवी जास्त होणे, वजन उतरणे, उलट्या, तोंडात फोड. लेप्टोस्पायरोसिसमध्येही मूत्रपिंड आणि यकृताला मार बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात तुंबलेले पाणी आणि उंदीर यांमुळे त्याचा धोका वाढतो. डोळे, हिरड्या पिवळ्या दिसल्या तर थांबू नका.

गोडसर, पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास : मधुमेह बिघडल्याचे लक्षण असू शकते. कुत्रा सुस्त असेल, उलट्या होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

विष्ठेसारखा वास : पुष्कळदा त्याने खरोखरच विष्ठा खाल्लेली असते. पण उलट्या होत असतील, पोट फुगले असेल आणि शी होत नसेल, तर आतडे अडल्याची शंका घ्यावी.

मासळीसारखा वास : बऱ्याचदा हा तोंडाचा नसतोच. गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथी भरल्या की कुत्रा तिथे चाटतो आणि तो वास तोंडाला लागतो. जमिनीवर बूड घासत असेल तर हेच कारण.

लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास, सोबत उलट्या आणि झटके : उंदीर मारायचे काळसर औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड, खाल्ल्याची शक्यता. शेतवस्तीवर हे घडते. पोटात त्याचा विषारी वायू होतो आणि तो माणसालाही घातक असतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवून, उलटीचा वास न घेता थेट दवाखाना गाठावा. घरी काही खायला-प्यायला घालू नये.

लाल कुजका मांसल भाग, सारखे रक्त : तोंडातील गाठ. म्हाताऱ्या कुत्र्यांत तोंडाचा कर्करोग होतो. लवकर दिसला तर काढता येतो.

चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडाला दात पडताना थोडा रक्ताळ वास येतो. तो आपोआप जातो.

तोंडात हात घालण्याआधी थांबा

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. लाळ गळतेय, तोंड उघडेच राहतेय, जबडा लोंबतोय, पाणी पिता येत नाही, आवाज बदललाय, असा कुत्रा दिसला की आपल्याकडची पहिली समजूत असते, "घशात हाड अडकलंय, काढूया." रेबीजचा एक प्रकार नेमका असाच दिसतो. यात कुत्रा पिसाळल्यासारखा धावत नाही. तो गप्प असतो, जबडा आणि घसा लुळा पडलेला असतो. अशा तोंडात हात घातला आणि बोटाला साधा ओरखडा असला, तरी लाळेतून विषाणू जाऊ शकतो. रेबीजची लक्षणे माणसात दिसायला लागली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे लागते.

म्हणून गल्लीतला कुत्रा असो, ओळखीचा असो की लस न घेतलेला घरचा असो, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. शक्य असेल तर त्याला खोलीत किंवा आवारात अडकवा, मुलांना लांब ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्याला कळवा. कुत्रा चावला, नख लागले किंवा त्याची लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. चुना, हळद, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नका. "दहा दिवस कुत्रा बघू, मग ठरवू" म्हणून लस लांबवू नका. घरच्या कुत्र्याची रेबीजची लस वेळेवर दिलेली असेल, तर दात बघायलाही मन निर्धास्त राहते.

दवाखान्यात काय करतात?

साधी तपासणी पाच मिनिटांत होते. पण कीटण हिरडीच्या खाली गेले असेल तर नीट साफसफाई कुत्रा जागा असताना होत नाही. पूर्ण भूल द्यावी लागते. क्रम साधारण असा असतो.

आधी रक्ततपासणी : रक्तपेशी, मूत्रपिंड, यकृत, साखर. वय जास्त असेल तर हृदयाची तपासणी. आदल्या रात्रीनंतर खायला द्यायचे नाही. किती तास उपाशी ठेवायचे आणि पाणी केव्हा बंद करायचे हे डॉक्टर सांगतात. अगदी लहान पिल्लू किंवा मधुमेही कुत्रा असेल तर नियम वेगळा, तो विचारूनच घ्यावा.

भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणजे घाण पाणी आणि जंतू फुप्फुसात जात नाहीत. मग कंप पावणाऱ्या यंत्राने दातावरचे आणि हिरडीखालचे कीटण काढतात. बारीक सळईने प्रत्येक दाताभोवतीचा खिसा मोजतात. मध्यम आकाराच्या कुत्र्यात एक ते तीन मिलिमीटर खोली ठीक मानली जाते. त्याहून खोल असेल तर आत आजार आहे. क्ष-किरणाची सोय असेल तर दातांचे फोटो काढतात, कारण मुळे हिरडीखाली असतात आणि वरून चांगला दिसणारा दात आतून गेलेला असू शकतो. शेवटी दात घासून गुळगुळीत करतात. ही पायरी गाळू नये. खरखरीत दातावर कीटण पुन्हा झपाट्याने बसते.

हलणारे, मुळाशी पू झालेले दात काढावे लागतात. "दात काढल्यावर खाणार काय?" हा प्रश्न मीही विचारला होता. कुत्र्याला दुखऱ्या दातापेक्षा दात नसणे परवडते. जखम भरली की मऊ जेवण तो आरामात खातो. आमच्याकडे आठवड्याभरात तो ताटलीवर तुटून पडला. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की म्हातारा झाला म्हणून गप्प असतो. खरं तर तो दुखण्याने गप्प होता.

दातांच्या क्ष-किरणाची आणि भुलीची पूर्ण सोय प्रत्येक दवाखान्यात असतेच असे नाही. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा : भूल देऊन साफसफाई करता का, श्वासनलिकेत नळी घालता का, दातांचा क्ष-किरण होतो का? गुंतागुंतीच्या केससाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करता येते. आपल्या बाजूने बघितले तर सातारा जिल्ह्यातील शिरवळ, मुंबईतील परळ आणि बेंगळुरूतील हेब्बाळ इथे अशी महाविद्यालये आहेत.

भुलीची भीती

साफसफाई टाळण्याचे सर्वांत मोठे कारण पैसा नव्हे, भुलीची भीती असते. भुलीत धोका शून्य नसतो, हे कबूल. पण रक्ततपासणी करून, नळी घालून, लक्ष ठेवून दिलेल्या भुलीत तो कमी असतो. वय हा स्वतः आजार नाही. दहा वर्षांचा निरोगी कुत्रा भूल सहन करतो. उलट हिरडीतले जंतू सतत रक्तात उतरत राहणे हा रोजचा धोका आहे. हिरड्यांचा आजार जास्त असलेल्या कुत्र्यांत हृदय, यकृत आणि मूत्रपिंडातही बदल आढळतात. ते थेट त्याच कारणाने होतात का यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण संबंध दिसतो. लहान जातींत तर खालच्या जबड्याचे हाड इतके झिजते की साध्या उडीनेही ते मोडू शकते. वरच्या सुळ्याच्या मुळाशी हाड गेले तर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक पडते. मग कुत्रा जेवताना शिंकतो, एका नाकपुडीतून घाण येते आणि आपण सर्दीचे औषध देत बसतो.

काही ठिकाणी "भूल न देता दात स्वच्छ" अशी सेवा देतात. त्यात दाताचा दिसणारा भाग पांढरा होतो, हिरडीखालची घाण तशीच राहते. दिसायला छान, आत आजार चालूच. शिवाय कुत्र्याला धरून ठेवावे लागते, तो हलला तर हत्यार लागते.

घरी काय करायचे? ब्रश, दुसरे काही नाही

साफसफाई झाल्यावर किंवा दात अजून चांगले असतील तर खरा उपाय एकच : रोज ब्रश. थर दोन-तीन दिवसांत घट्ट होतो, म्हणून आठवड्यातून एकदा ब्रश करून उपयोग नाही. रोज उत्तम, निदान एक दिवसाआड.

मात्र हिरडी सुजलेली, दुखरी असताना ब्रश सुरू करू नका. दुखले की कुत्रा ब्रशचा कायमचा वैरी होतो. आधी उपचार, मग ब्रश.

सवय अशी लावा. पहिले तीन-चार दिवस फक्त ओठ उचलून बोट दातावर फिरवा, लगेच शाबासकी आणि आवडीचा खाऊ. पुढचे काही दिवस बोटाला ओले सुती फडके गुंडाळून दात पुसा. मग कुत्र्याच्या पेस्टचा थेंब चाटायला द्या. त्यानंतर ब्रश. लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो, बोटात घालायचा रबरी ब्रशही मिळतो. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका धरून छोट्या गोल हालचालीने घासा. गालाकडची बाजू महत्त्वाची, वरची मागची दाढ सर्वांत महत्त्वाची. आतली बाजू जीभ थोडीफार साफ ठेवते. दोन्ही बाजू मिळून एक-दोन मिनिटे पुरेत. तो वैतागायच्या आधी थांबा. वेळ ठरलेली असावी, रात्रीच्या जेवणानंतर किंवा फिरायला नेण्याआधी. फिरायला जायच्या ओढीने तो पटकन करून घेतो.

पेस्ट नसेल तर नुसत्या पाण्याने घासा. काम पेस्ट करत नाही, घासणे करते. पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असतानाच तोंडाला हात लावायची सवय केली तर पुढे काहीच त्रास होत नाही.

ब्रश करूच देत नसेल तर डॉक्टरांना विचारून क्लोरहेक्सिडिनचे कुत्र्यांसाठीचे जेल वापरता येते. दात साफ करणाऱ्या चघळायच्या कांड्यांचा थोडा उपयोग होतो. घेताना कुत्र्याच्या वजनाचा आकार बघा. वेष्टनावर व्हीओएचसी ही अक्षरे असलेला शिक्का असेल तर त्या वस्तूची कीटणावर चाचणी झालेली असते. मात्र या सगळ्या जोडीच्या गोष्टी आहेत.

हे वापरू नका

आपली टूथपेस्ट : कुत्रा चूळ भरत नाही, सगळे गिळतो. फ्लोराइड आणि फेस पोटात जातो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. तो कुत्र्यासाठी विष आहे. अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, यकृतही निकामी होऊ शकते. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये, माऊथवॉशमध्ये तो असू शकतो.

मिश्री आणि तंबाखूचे मंजन : निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात आणि आसपास अजून कित्येक घरांत मिश्री भाजली जाते. "आमचे दात याच्यावरच टिकले" म्हणून कुत्र्याच्या दाताला ती चोळू नये. तंबाखूतले निकोटिन कुत्र्याला थोडेसेही बाधते. मिश्रीची डबीही त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका.

लवंगेचे तेल, मीठ, खाण्याचा सोडा, तुरटी : हिरडी भाजते किंवा पोट बिघडते. कडुनिंबाची काडी चघळायला दिली तर तिच्या फाका दातात अडकतात.

मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या : चार-पाच दिवस वास जातो, गोळ्या संपल्या की परत येतो, कारण कीटण जागेवरच असते. मधल्या काळात आजार पुढे सरकतो. दुखणे कमी व्हावे म्हणून आपल्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्यांनी कुत्र्याचे पोट, मूत्रपिंड, यकृत जाते.

लोखंडी चिमट्याने किंवा नखाने कीटण खरवडणे : दातावर चरे पडतात आणि हिरडी फाटते.

खाणे आणि हाडे

दूध-पोळी, दूध-भाकरी, चहात बुडवलेले बिस्कीट. आपल्याकडच्या कुत्र्यांचे हे ठरलेले जेवण. मऊ आणि पिठूळ अन्न दाताला चिकटते. पण नुसते कोरडे दाणेदार खाद्य सुरू केले म्हणजे दात आपोआप घासले जातात, हेही खरे नाही. साधे दाणे दातावर फुटतात आणि गिळले जातात. दातांसाठी वेगळे, मोठ्या दाण्यांचे खाद्य मिळते, त्याचा थोडा फायदा होतो.

"रविवारचं मटणाचं हाड दिलं की दात साफ होतात" ही समजूत जुनी आहे. हाड चघळून थोडे कीटण निघते हे खरे, पण ज्या वरच्या दाढेने कुत्रा हाड फोडतो, तिचीच खपली उडते आणि आतली नस उघडी पडते. आमच्या स्पिट्झच्या दाढेचे तसेच झाले होते. शिजवलेल्या हाडाचे, त्यातही कोंबडीच्या हाडाचे, अणकुचीदार तुकडे होतात. ते टाळूत, घशात, आतड्यात रुततात. चघळायला काय द्यावे याची सोपी कसोटी : वस्तूवर अंगठ्याचे नख दाबले तर खूण उमटली पाहिजे. उमटत नसेल तर ती दाताहून कडक आहे. दगड, विटांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या बाटल्या चावायची सवय असेल तर तीही मोडायला हवी.

खर्चाचा हिशेब

मऊ ब्रश आणि कुत्र्याची पेस्ट यांचा खर्च शेकड्यांत असतो आणि ते कित्येक आठवडे पुरते. भूल देऊन साफसफाई, रक्ततपासणी, दात काढणे आणि औषधे हा खर्च हजारांत जातो, कुत्र्याचा आकार आणि काढायचे दात यांप्रमाणे वाढतो. वेळेत केलेली साधी साफसफाई आणि उशिरा केलेली शस्त्रक्रिया यांतही मोठा फरक पडतो. दरवर्षी रेबीजची लस द्यायला नेतो तेव्हाच "डॉक्टर, दात बघता काय?" एवढे विचारले, तर वेगळी फेरीही लागत नाही.

कधी थांबायचे नाही?

डोळ्याखाली किंवा जबड्यावर सूज, तोंडातून रक्त किंवा पू, एक दिवसाहून जास्त न खाणे, अचानक लाळ गळणे, एकाच नाकपुडीतून घाण, पिवळ्या हिरड्या, अमोनियाचा किंवा गोडसर वास आणि सोबत उलट्या, तोंडात गाठ, अळ्या. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. नुसता वास आणि तपकिरी दात असतील तर याच आठवड्यात दाखवून घ्या.

आमचा स्पिट्झ त्यानंतर तीन वर्षे जगला, उरलेल्या दातांवर. रोज रात्री नऊला ब्रश हातात घेतला की तो स्वतः येऊन समोर बसायचा. दीड-दोन वर्षे आधी ओठ उचलून बघितला असता, तर त्या पाचांतले निदान काही दात वाचले असते. आज संध्याकाळी आपल्या कुत्र्याचा ओठ उचलून बघा. दोन मिनिटांचे काम आहे.